टल्साच्या गन शोला जाण्याआधी

प्रिय बाळा,



परवा तुझ्या आईचा फोन आला. एप्रिलमध्ये तू रूममेटबरोबर टल्साचा गन शो बघायला जाणार, हे तू तिला बोलता बोलता सांगितलंस आणि तेव्हापासून तिच्या जिवाला घोर लागला आहे. "तू तिकडे आहेस, तूच अडव त्याला," म्हणाली. मी तुला अडवणार नाही. ओक्लाहोमात राहायला आला आहेस, तर इथली माणसं कशात रमतात ते तू डोळ्यांनी बघावंस असंच मला वाटतं. मात्र काही गोष्टी तुला आधी नीट ठाऊक असायला हव्यात, आणि त्या फोनवर घाईघाईत सांगण्यासारख्या नाहीत. हे पत्र मी मासिकालाही पाठवते आहे. दर ऑगस्टला आपल्याकडची कितीतरी मुलं ओक्लाहोमा, टेक्सास, ॲरिझोनात शिकायला येतात. त्यांना बँकेचं खातं कसं उघडायचं ते सगळे सांगतात, हे कुणी सांगत नाही.

टल्साचा शो वर्षातून दोनदा भरतो, एप्रिलमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये. एका छपराखाली 11 एकर जागा आणि 4,000 हून जास्त टेबलं. जुन्या विंचेस्टर रायफली, यादवी युद्धाच्या काळातली रिव्हॉल्व्हरं, चाकू, दुर्बिणी, चामड्याची होल्स्टरं, आणि पोलादावर बारीक नक्षी कोरणारे कारागीर. लोक लेकराबाळांना घेऊन येतात. त्या नक्षीवाल्यांच्या टेबलापाशी मी कितीही वेळ उभी राहू शकते.

तू मला विचारलं होतंस, "मावशी, इथे रस्त्यावरून भरलेलं पिस्तूल घेऊन फिरलेलं चालतं, मग बंदुकांच्याच प्रदर्शनात का चालत नाही?" प्रश्न अगदी बरोबर आहे. ओक्लाहोमात 1 नोव्हेंबर 2019 पासून, ज्याच्यावर कायद्याने बंदी नाही अशा 21 वर्षांवरच्या माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल बाळगून फिरता येतं. टेक्सासने 1 सप्टेंबर 2021 पासून तेच केलं. आणि तरीही अशा बहुतेक शोच्या दारात एक टेबल मांडलेलं असतं, मागे पोलीस किंवा सुरक्षारक्षक उभा असतो आणि आत जाणारी प्रत्येक बंदूक तो उघडून बघतो. रिकामी असल्याची खात्री झाली की चेंबरमधून प्लॅस्टिकचा केबल टाय ओवून ती बांधून टाकतो. मग आत कुणी चाप ओढला तरी बार उडत नाही. भरलेलं मॅगझिनसुद्धा आत नेता येत नाही. तुझ्या खिशात राज्याचा परवाना असला, तरी शर्टाखाली दडवलेलं भरलेलं पिस्तूल बहुतेक ठिकाणी चालत नाही. जागा भरवणाऱ्याची, नियमही त्याचा. राज्याच्या कायद्याने दिलेली मोकळीक त्याच्या दारापाशी संपते.

यात माणसांवरचा अविश्वास नाही. रस्त्यावर चालणाऱ्याचं पिस्तूल होल्स्टरमध्ये असतं आणि तिथेच राहतं. दिवसभर कुणाचं बोट त्याच्या चापाला लागत नाही. शोमध्ये मात्र बंदूक हातात घेऊन बघण्यासाठीच लोक आलेले असतात. उचलायची, तोलून बघायची, नळी कुठे तरी रोखायची, चाप किती हलका आहे ते ओढून बघायचं, शेजारच्याच्या हातात द्यायची. हजारो बंदुका अशा हातोहात फिरत असताना त्यातली एकच भरलेली असली, तर ती कुठली हे कुणी सांगायचं? आणि ज्याने स्वतःचं भरलेलं पिस्तूल कमरेला लावून आणलं आहे, त्यालाही मोह होतोच. नवं होल्स्टर घालून बघावं, मूठ बदलून बघावी, दुकानदाराला दाखवून किंमत विचारावी. काढलं की ते इतर हजारांसारखंच दिसतं.

19 जानेवारी 2013 या एका दिवसात काय झालं ते सांगते. तीन राज्यांतल्या तीन वेगवेगळ्या शोंमध्ये चुकून गोळ्या सुटल्या आणि पाच माणसं जखमी झाली. नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅलीमध्ये एक जण बारा बोअरची बंदूक घेऊन आला होता. तपासणीच्या टेबलावर तिच्या पिशवीची चेन उघडताना बार उडाला, छर्रे तिघांना लागले. इंडियानापोलिसमध्ये एक जण शो संपवून बाहेर पडताना आपलं पिस्तूल परत भरत होता, गोळी त्याच्याच हाताला लागली. ओहायोतल्या मेडिनामध्ये तर बंदुकांचा धंदा करणाऱ्या माणसाने त्याच दिवशी विकत घेतलेलं पिस्तूल तपासताना चाप ओढला. मॅगझिन काढलेलं होतं, चेंबरमध्ये एक गोळी राहिली होती. ती जमिनीवर आपटून त्याच्या जुन्या मित्राला लागली.

मेडिनाचं प्रकरण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, कारण तो माणूस नवखा नव्हता. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात गोळ्या दोन ठिकाणी असतात. मुठीतल्या मॅगझिनमध्ये, आणि नळीच्या मागच्या चेंबरमध्ये एक. मॅगझिन खाली ओढून काढलं की हातात वजन येतं, डोळ्यांना रिकामी मूठ दिसते आणि मन म्हणतं, झालं. चेंबरमधली ती एक गोळी मात्र बाहेरून दिसत नाही. मॅगझिन नसेल तर बार उडू नये अशी सोय काही पिस्तुलांत असते, सगळ्यांत नसते. म्हणून क्रम चुकवायचा नाही. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड मागे खेचून चेंबर उघडायचं, डोळ्यांनी बघायचं आणि बोट घालून चाचपायचं. हाच क्रम उलटा केला, तर स्लाइड पुढे येताना मॅगझिनमधली पुढची गोळी चेंबरमध्ये ढकलते, आणि तुझ्या हातात तुला रिकामं वाटणारं भरलेलं पिस्तूल उरतं.

गावी आजोबांची एकनळी होती, आठवत नसेल तुला. कोकणात रानडुकरांपासून पीक राखायला परवाना मिळतो, त्यातली ती. ती बिजागरीवर मोडायची. मोडली की नळीतून आरपार उजेड दिसायचा. रिकामी आहे का हे घरातलं पोरही सांगू शकायचं. तरी आजोबा ती कधीही जोडलेली ठेवत नसत आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा. त्यांच्या परवान्यावर छापलेल्या अटींत एक अट होती, की हे हत्यार जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत किंवा लोकांच्या जमावात न्यायचं नाही. ते ती अट आम्हां मुलांना वाचून दाखवत. दोन देशांचे कायदे किती वेगळे आहेत ते तू बघतोसच. इथे हत्यार बाळगणं हा राज्यघटनेने दिलेला हक्क आहे, आपल्याकडे ती सरकारने दिलेली परवानगी आहे. पण गर्दीत हत्यार कसं असावं याबद्दल आजोबांचा परवाना आणि टल्साच्या दारातला रक्षक यांचं मत फार दूर नाही, हे मला या देशात राहायला लागल्यावर कळलं.

भरलेलं पिस्तूल शोमध्ये न नेण्याच्या या नियमावर इथले काही अनुभवी लोक एक आक्षेप घेतात आणि तो मला पटतो. ते म्हणतात, होल्स्टरमधलं पिस्तूल जागच्या जागी राहिलं तर सुरक्षितच आहे. दारात ते काढायला, रिकामं करायला आणि जाताना परत भरायला लावता, म्हणून तर बार उडतात. रॅली आणि इंडियानापोलिस बघ, दोन्ही प्रसंग येण्याजाण्याच्या वेळचेच. म्हणून माझं मत असं, की नियम योग्य आहे आणि त्या दिवशी अंगावरचं पिस्तूल घरी ठेवून यावं. गाडीत काढून ठेवू म्हणून पार्किंगमध्ये चाळवाचाळव करू नये. गन शोच्या पार्किंगमधल्या गाड्यांत काय सापडेल हे चोरांनाही कळतं. मीही इथली नागरिक आहे, माझ्याकडेही पिस्तूल आहे, आणि शोला जाताना ते घरच्या तिजोरीत असतं. हे तुझ्या रूममेटना माझ्या नावाने सांग.

आता तुझ्याबद्दल, आणि हे दोनदा वाच.

रूममेट ज्या मोकळेपणाने बोलतात, तो मोकळेपणा तुला नाही. तू एफ-1 व्हिसावर आहेस. इथल्या केंद्रीय कायद्याने तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा गोळी बाळगायला बंदी आहे. विद्यार्थी असो की एच-1बी वर नोकरी करणारा, दोघांनाही. राज्य कितीही मोकळं असलं तरी ही बंदी सुटत नाही. ग्रीन कार्ड आलं की गोष्ट बदलते. अपवाद आहेत, त्यातला मुख्य म्हणजे राज्याने दिलेला शिकारीचा वैध परवाना जवळ असणं. कुणी तुला सांगेल की तो काढ आणि मोकळा हो. खरोखर शिकारीची आवड लागली, तर प्रशिक्षण घेऊन, वकिलाला आणि विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीला विचारून जरूर काढ. एका दुपारच्या हौसेसाठी नको.

"मी विकत थोडीच घेणार आहे?" असं तू म्हणशील. हमीद रेहैफ या तरुणाचं प्रकरण शोधून वाच. तो संयुक्त अरब अमिरातीतून फ्लोरिडात शिकायला आला होता. नापास झाला, विद्यापीठाने काढलं, व्हिसाचा आधार गेला. त्यानंतर तो एका शूटिंग रेंजवर गेला आणि दोन बंदुका चालवल्या. एवढ्यावर खटला उभा राहिला आणि 18 महिन्यांची शिक्षा झाली. 2019 साली सुप्रीम कोर्टाने निकाल फिरवला. आपल्याला इथे राहण्याचा अधिकार उरलेला नाही हे त्याला माहीत होतं, हे सरकारने सिद्ध करायला हवं असं कोर्ट म्हणालं. तुझ्यासाठी असलेलं कलम त्याच्या शेजारचंच आहे. आणि तुला तर आता माहीत आहे, मीच हे लिहून पाठवलं आहे. या कायद्याखाली 2022 पासून 15 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलं तर देशाबाहेर काढतात. तुझ्या आईने तुझ्या शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचं मी तुला वेगळं सांगायला नको.

म्हणून टेबलावरचं पिस्तूल कुणी प्रेमाने पुढे केलं, तर "नको, मी फक्त बघतो" म्हण. इथे कुणी वाईट वाटून घेत नाही. हातात धरून फोटो तर अजिबात काढू नकोस. बऱ्याच शोंत कॅमेऱ्याला मनाईच असते. जिथे नसते तिथे मित्राने टाकलेला एक फोटो तुझ्याविरुद्ध पुरावा होऊ शकतो. विक्रीबद्दलही एक जाणून ठेव. परवानाधारक दुकानदार शोमध्येही अर्ज भरून घेतो आणि गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासतो. शेजारच्या टेबलावर मात्र स्वतःच्या संग्रहातली एखादी बंदूक विकायला आलेला माणूस असू शकतो, आणि ओक्लाहोमात त्याला अशी तपासणी करावी लागत नाही. कोलंबाइन शाळेतल्या 1999 च्या हत्याकांडातल्या चार बंदुकांपैकी तीन एका 18 वर्षांच्या मैत्रिणीने गन शोमध्ये अशाच खाजगी विक्रेत्यांकडून घेऊन दिल्या होत्या. पुढच्याच वर्षी कोलोरॅडोच्या मतदारांनी शोमधल्या प्रत्येक विक्रीला तपासणी सक्तीची केली. मला तो निर्णय योग्य वाटतो आणि तो इथेही यावा असं मनापासून वाटतं. तोवर, कुणी "ओळखपत्र दाखव, पैसे दे आणि घेऊन जा" म्हणालं, तर त्याने विचारलं नाही म्हणून तुझ्यावरची बंदी उठत नाही. आणि रूममेटच्या नावावर घेऊ हा विचार तर मनातही आणू नकोस. तो त्याच्यासाठीही मोठा गुन्हा आहे.

काही मेळाव्यांत बाहेर बंदूक चालवून बघायचीही सोय असते. मॅसॅच्युसेट्समध्ये वेस्टफील्ड इथे ऑक्टोबर 2008 मध्ये अशाच एका मेळाव्यात आठ वर्षांच्या मुलाच्या हातात मायक्रो उझी दिली गेली. धक्क्याने नळी वर उसळली आणि गोळी त्याच्याच डोक्यात लागली. वडील तिथेच होते. मी त्या बापाचा विचार करते तेव्हा मला पुढचं सुचत नाही. तुझ्याबरोबर कुणाची लहान भावंडं असतील तर त्यांना तिकडे नेऊ नका.

आत हिंडताना जेफ कूपर यांचे नियम डोक्यात ठेव. ॲरिझोनात 1976 मध्ये त्यांनी नेमबाजीची शाळा काढली आणि त्यांचे चार नियम आज इथल्या जवळजवळ प्रत्येक रेंजवर शिकवतात. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असंच धरायचं. जे उद्ध्वस्त करायचं नाही, त्याच्यावरून नळी फिरवायची नाही. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर. लक्ष्य कोणतं आणि त्याच्या मागे काय आहे, ते ओळखायचं. तू बंदूक हातात घेणार नाहीस, तरी हे नियम तुला लागतील, कारण दुसरे घेणार आहेत. कुणाची नळी तुझ्या अंगावरून फिरली, तर लाजू नकोस. बाजूला सरक आणि त्याला सांग. केबल टाय नसलेली बंदूक दिसली, तर टेबलवाल्याला सांग, तो ऐकेल. इथले जुने लोक याबाबतीत फार कडक असतात आणि तरुणाने विचारलं की आनंदाने समजावून सांगतात.

शनिवारी सकाळी दार उघडताच पोचा. त्या दिवशी मीही येते, दुपारचं जेवण माझ्याकडे. पासपोर्टची आणि आय-20 ची प्रत जवळ ठेव. आणि आज रात्री आईला तूच फोन कर. मी काय लिहिलं आहे ते तिला तुझ्या तोंडून ऐकू दे.

तुझी,
मावशी