तिरपा उजेड

आईच्या आजारपणाचं ते वर्ष आठवू म्हटलं, की सगळ्यांत आधी उजेड आठवतो. उन्हं कलल्यावर पश्चिमेच्या खिडकीतून पलंगावर सरकत येणारा, जरासा पिवळटलेला, तिच्या पोटावरच्या घडीघडीला सावली देणारा. डोक्यावरच्या ट्यूबलाइटला जे कधीच दिसलं नाही, ते त्याला दिसायचं.

बेंबीच्या उजवीकडे, थोडा खाली, तिचा स्टोमा होता. लहान आतड्याचं पोटाबाहेर काढलेलं टोक. लालभडक, सदा ओलसर, हळूच हलणारं. त्याला हात लावला तरी दुखत नसे. दुखायची ती भोवतीची कातडी. स्टोमावर लावायच्या पिशवीच्या फ्लँजखाली, म्हणजे पोटाला चिकटणाऱ्या चकतीखाली, कुठूनतरी झिरपे, आणि अन्न पचवणारे ते रस कातडीलाही सोडत नसत. मग रात्री-अपरात्री तिची हाक यायची, “जरा फुंकर घाल गं.” मी फुंकर घालत बसायची. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं तिला. तेवढ्यापुरतंच.

सल्ल्यांना तोटा नव्हता. दुकानातला माणूस म्हणे, ही पिशवी सोडा, ती घ्या. कंपनीकडून फोन करणारी मुलगी फार गोड बोलायची, आईची चौकशी आपुलकीनं करायची; पण तिचं प्रत्येक उत्तर फिरून फिरून तिच्याच कंपनीच्या मालापाशी येऊन थांबे. शेजारच्या काकूंनी मायेनं खोबरेल आणून दिलं. तेलकट कातडीवर फ्लँज धरतच नाही, हे त्या माउलीला कुठून ठाऊक असणार? लबाड कुणीच नव्हतं. पण जो तो आपल्या हातातल्या वस्तूकडे बघून बोलत होता. पोटाकडे बघणारं कुणी नव्हतं.

मग रुग्णालयातल्या स्टोमाच्या ओपीडीत त्या सिस्टर भेटल्या. त्यांनी काही विचारण्याआधी आईला म्हटलं, “मावशी, उठून बसा बरं. अशा, जरा खिडकीकडे तोंड करून.” तोवर आईला सगळ्यांनी निजवूनच तपासलेलं. ती बसली मात्र, आणि स्टोमाच्या खालच्या अंगाला एक घडी पडली. निजल्यावर नाहीशी होणारी, बोटभर लांबीची, उजेडात काळी रेघ ओढल्यासारखी. सिस्टरांनी काढलेली फ्लँज टाकून दिली नाही. ती उलटी करून खिडकीशी धरली. तिचा खालचाच भाग विरघळून झिजला होता, बाकी सगळी कोरी. “इथून वाट काढतंय बघा,” त्या म्हणाल्या. आम्ही दोघी बघत राहिलो.

कातडी बोलते, आपण ऐकत नाही. फ्लँजच्या आकाराबरहुकूम लाली उठली, तर त्या चिकटणाऱ्या वस्तूचीच ॲलर्जी असू शकते. लालीच्या कडेनं सुटे ठिपके विखुरले, तर बहुधा बुरशी. आणि स्टोमाला लागून कातडी ओली, सोललेली असली, तर गळती. ऑपरेशननंतर सहा-आठ आठवडे स्टोमा आक्रसत जातो, म्हणून माप पुन्हा पुन्हा घ्यायचं. फ्लँजचं भोक त्याच्याहून दोन-तीन मिलिमीटरच मोठं ठेवायचं. इतकं साधं. आणि ते कळेपर्यंत किती रात्री जळत गेल्या!

सिस्टर करतात त्या, स्टोमाच्या रुग्णांना सांभाळायच्या कामाचा उगमच मुळी एका रुग्णापाशी आहे. अमेरिकेतल्या नॉर्मा गिल यांना स्वतःला इलिओस्टॉमी, म्हणजे आईसारखाच लहान आतड्याचा स्टोमा, झालेली. १९५८ साली डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी त्यांना क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये अशाच रुग्णांच्या मदतीला घेतलं. त्या काळी तिथे कातडी जपायला वापरत तो कराया डिंक कांडोळाच्या झाडाचा. आपल्या सातपुड्यात पांढऱ्याफटक सालीनं उभा असतो, तो कांडोळ. आईला हे सांगितलं तेव्हा तिला डिंकापेक्षा नॉर्माबाईच जास्त भावल्या. “तिला आग माहीत होती,” एवढंच म्हणाली. मुंबईच्या ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडियासारख्या संस्थांतही स्वतः पिशवी लावणारी माणसं नव्या रुग्णाशी बोलतात. त्यांच्यापुढे पदर सावरत बसावं लागत नाही.

निःपक्ष सल्ला म्हणजे काही न विकणारा सल्ला, असं मला आधी वाटायचं. तसं नसतं. आईला शेवटी वस्तू लागल्याच: घडी भरून काढायला रिंग, आणि आतून फुगीर असलेली फ्लँज. फुकट काहीच नव्हतं. पण सिस्टरांनी चिठ्ठीवर आधी कारण लिहिलं, “बसल्यावर खाली घडी, तिथून गळती.” त्याखाली वस्तू कशी हवी ते लिहिलं, आणि कंपनीची जागा मोकळी सोडली. दुकानदारानं ती चिठ्ठी दोनदा उलटसुलट केली नि विचारलं, “कुठली देऊ?” आई पहिल्यांदाच ठसक्यात म्हणाली, “ह्या कामाच्या जेवढ्या असतील तेवढ्या दाखवा. मी बघून घेते.”