नाव घालायचे आहे

पुण्यात नाव ठेवणारी आणि नावे ठेवणारी माणसे उदंड. पण नाव घालणारा माणूस शोधायला निघाले, तेव्हा मला तीन पेठा पालथ्या घालाव्या लागल्या. नाव घालणारा म्हणजे भांड्यावर नाव घालणारा. आणि गंमत अशी, की मजजवळ भांडे नव्हतेच. माझ्या मुलीच्या पाठीवरच्या पिशवीत तिचा नवा लॅपटॉप होता.

गेल्या श्रावणात ती शिकायला बंगळूरला जायची होती. वसतिगृहाच्या खोलीत तिघीजणी, आणि तिघींचेही लॅपटॉप एकाच जातीचे, राखी रंगाच्या ॲल्युमिनियमचे. "आई, माझ्यावर नाव कोरून हवंय, आणि मराठीत हवंय," तिने जाहीर केले. दुधाच्या हिशेबाची चिठ्ठीसुद्धा इंग्रजीत लिहिणारी ही मुलगी! मराठीची प्राध्यापिका असूनही मी तिला कारण विचारले नाही. अशा वेळी विचारू नये, एवढे मला वीस-बावीस वर्षांच्या अध्यापनाने शिकवले आहे.

"बोहरी आळीत जा," खाटेवरून माझी आई म्हणाली. "तिथे भांड्यांवर घालून देतात."

आमच्या घरात प्रत्येक भांड्याला नाव आहे. घंगाळावर पणजोबांचे, परातीवर मामांचे, पातेल्यांवर लग्नात आहेर करणाऱ्या कुठल्याशा मंडळींचे. वाड्यातल्या कार्याला भांडी जात, ती नावानेच परत येत. आणि भाऊ वेगळे झाले की कुणाची कळशी कोणती, हा तंटाही त्या नावांवरच मिटे. आईचे नाव मात्र या सगळ्या पसाऱ्यात एकाच ठिकाणी आहे. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने तिचे नवे नाव लिहिले गेले, आणि पुढचे सारे संसाराचे पितळ त्या नावाने भरले. पण तिच्या वडिलांनी लहानपणी तिला दिलेला एक पितळी गडू माहेराहून आला, त्यावर तिचे पहिले नाव आहे. ते मी इथे छापत नाही. आईला आवडायचे नाही. तो गडू कधी पाहुण्यांपुढे गेला नाही. फडताळात मागे असतो.

रिक्षा शनिवारवाड्यापाशी सोडली. वाड्याचे काम 1730 साली सुरू झाले. कसबा पेठ त्याहूनही कितीतरी जुनी. पुण्याचे ग्रामदैवत इथेच. कुंभारवाडा, कागदीपुरा, शिंपी आळी, तांबट आळी, अशी धंद्यांवरून पडलेली नावे इथल्या आळ्यांनी अजून अंगावर वागवली आहेत, मग तो धंदा तिथे उरलेला असो वा नसो. तांबट आळीत तो उरला आहे. लहानपणी आईचा हात धरून मी इथे आले होते, तेव्हा ठोक्यांच्या गजरात बोललेले ऐकू येत नसे. आता एक घर ठोकत होते, दोन गप्प होती. पेशवाईपासून इथे राहणारे त्वष्टा कासार तांब्याच्या भांड्यावर हातोडीने ओळीने ठोके देतात. उन्हात चमचमणाऱ्या त्या टिकल्या म्हणजे माठारकाम. ती नुसती नक्षी नव्हे. ठोके खाऊन तांबे घट्ट होते, लवकर पोचत नाही. स्टेनलेस स्टीलने या आळीचे पाणी पळवले होते. अलीकडे तांब्याच्या बाटल्यांची हौस आली, तिने थोडेसे परत आणले आहे.

ठोकणाऱ्या गृहस्थांनी लॅपटॉपकडे पाहिले आणि हसून म्हणाले, "बाई, आम्ही अंग घडवतो. नाव विकणाऱ्याच्या दारात."

म्हणजे आईचेच खरे. फडके हौदावरून आम्ही रविवार पेठेत उतरलो. बोहरी आळीत चालायला जागा नव्हती. हातगाड्या, पोती, पिंपे आणि सामान उतरवून घेणारी माणसे. एका भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर सत्तरीचे एक काका मांडीत पातेले घेऊन बसले होते. हातात विजेवर चालणारी सुई, गांधीलमाशीसारखी गुणगुणणारी. पूर्वी हेच काम ते छिन्नी-हातोडीने टिंब-टिंब पाडून करीत. आधी आखणे नाही, खोडणे नाही. गिऱ्हाईक सांगेल ते नाव एका दमात पातेल्याच्या गळ्याशी गोल उमटत होते.

काकांनी लॅपटॉपवर बोटाची पेरे वाजवून पाहिली, जशी आपण कळशी वाजवून घेतो. झाकण उघडले, काच पाहिली, पुन्हा अलगद मिटले.

"वर काच, खाली बॅटरी," ते म्हणाले. "पातेल्याला आतून हात देता येतो. याला कुठून देऊ? सुई थरथरली तर काच जाईल. बॅटरीला लागली तर पेटेलसुद्धा."

मला त्या नकाराचा आदर वाटला. समोरच्या बोळात ढाली-चषकांवर नावे कोरणारे एक दुकान होते, तिथे लेसरचे यंत्र आहे, असे त्यांनीच सांगितले.

यंत्रावरचा तरुण हुशार होता. ॲल्युमिनियम आम्लाच्या द्रावणात ठेवून त्यातून वीज सोडली, की त्याच्या अंगावर त्याच्याच ऑक्साइडचे कठीण कवच धरते. रंग त्या कवचात मुरवलेला असतो. लेसर तेवढाच रंग उडवतो आणि अक्षर फिकट, चकचकीत उमटते. आतल्या काचेला धक्का नाही. हे सगळे त्याने एका टाकाऊ पत्र्यावर दाखवले. मग मुलीचे नाव टंकले. आणि माझ्या पोटात गोळा आला. तिच्या नावात एक ह्रस्व वेलांटी आणि एक जोडाक्षर आहे. पडद्यावर वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन भिडली होती आणि जोडाक्षराचे दोन तुकडे होऊन मध्ये पाय मोडलेला उभा होता.

"मॅडम, एवढं कोण बघतंय?"

"मी बघतेय," मी म्हणाले.

त्याने तीन वळणे बदलून पाहिली; तिन्हींत तेच. एवढ्यात मुलगी बाहेर पळाली आणि काकांना घेऊन आली. कोऱ्या कागदावर त्यांनी काळ्या पेनाने नाव लिहायला घेतले. तरुण त्या कागदाचे चित्र घेणार होता आणि यंत्र ते गिरवणार होते. दिवेआगरचा शके 982 चा, म्हणजे 1060 सालचा, मराठी ताम्रपट मी वर्गात दरवर्षी शिकवते. ताम्रपटांच्या कामातही बहुधा एक माणूस मजकूर लिहून देई आणि दुसरा तो कोरी. मला तिथल्या तिथे तास घ्यावासा वाटला. पण गिऱ्हाइके खोळंबली होती.

"आडनाव?" काकांनी विचारले.

"नको," मुलगी म्हणाली.

"अगं, हरवला तर कुणाचा म्हणून परत येईल?" मी म्हणाले.

"पुढे बदललं तर मला खोडता यायचं नाही हं," काका मध्येच बोलले.

"बदलणार नाहीये. तरी नको." मग माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, "आजीच्या गडव्यावरसुद्धा नुसतं नावच आहे ना?"

फडताळातला तो गडू हिने केव्हा काढून पाहिला होता, कोण जाणे. मी पुढे काही बोलले नाही.

यंत्राला दोन मिनिटे पुरली. काकांनी पैसे घेतले नाहीत. "कोरलं कुठे मी?" म्हणाले. चहा मात्र घेतला.

घरी आईने लॅपटॉप मांडीवर घेतला. मोतीबिंदू काढल्यापासून तिला दूरचे बरे दिसते, जवळचे ती बोटाने वाचते. तिने नावावरून बोट फिरवले, पुन्हा फिरवले. "बोटाला लागत नाही गं," ती म्हणाली. मग चष्मा मागितला, कितीतरी वेळ पाहिले. "अक्षर मात्र भांड्यावरचंच आहे."

मुलगी जायच्या दिवशी मी फडताळ आवरायला घेतले, तो गडू जागेवर नव्हता. आईकडे पाहिले, ती खिडकीबाहेर पाहत होती.

चार दिवसांनी बंगळूरहून फोटो आला. टेबलावर लॅपटॉप, शेजारी गडू, आणि गडव्यात पेने, पेन्सिली आणि एक फणी. मी तो मोठा करून आईला दाखवला.

"पाणी ठेव म्हणावं त्यात," आई म्हणाली.