कुक्षी ते धार : एका हाकेचा प्रवास

संस्कृतात ‘कुक्षी’ म्हणजे कूस. गावाला हे नाव कसे पडले या वादात न शिरता एवढे म्हणता येईल, की उत्तरेस विंध्याची रांग आणि दक्षिणेस नर्मदा यांच्या मधल्या पट्ट्यात वसलेल्या आमच्या कुक्षीला ते शोभून दिसते. धार जिल्ह्यातले हे तहसिलीचे गाव. कापूस व मिरची ही इथली पिके, आणि होळीच्या आधीच्या आठवड्यात भरणारा भगोरिया हाट हा इथला सर्वांत मोठा सण. धार आमचे जन्मगाव. सरकारी शाळेतील नोकरीने आम्हांला विंध्याखाली आणले आणि येथेच आम्ही रमलो. धार येथून शंभरेक किलोमीटर. तरीही सहा वर्षांत आम्ही धारचा आमच्या घराचा उंबरठा ओलांडला नव्हता. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मात्र पहाटेची बस धरली. निमित्त काय झाले, ते ओघाने येईलच.

कुक्षी सोडल्यावर प्रथम बाग लागते. बागेची लेणी, तेथील भित्तिचित्रे आणि बागेचे ठसेदार कापड वाचकांस परिचित आहेच. पुढे टांडा, आणि मग रस्ता विंध्याच्या अंगावर चढू लागतो. निमाडची उबदार हवा मागे राहते, माळव्याचा गारवा खिडकीतून आत येतो आणि मातीचा रंग काळा होत जातो. याच बाजूला अमझेरा आहे. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी चिमाजीअप्पांच्या फौजेने तेथे गिरिधर बहादूर व दया बहादूर यांचा पराभव केला आणि माळव्याचे दार मराठ्यांना उघडले. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज या भागात आले, ते त्या उघडलेल्या दारातून.

धारला उतरलो तेव्हा अकरा वाजले होते. घर दहा मिनिटांच्या अंतरावर होते. पण पाय तिकडे वळेनात. ते किल्ल्याकडे वळले.

गावाच्या उत्तरेस लहानशा टेकडीवर हा किल्ला उभा आहे. वालुकाश्माची भक्कम तटबंदी दुरूनच नजरेत भरते. आत खरबूजा महाल नावाची जुनी वास्तू आहे. खरबुजासारखा आकार, म्हणून हे नाव. लहानपणी आम्ही आणि आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, येथे तासन्‌तास हुंदडत असू. वडिलांनी एकदा आम्हां दोघांना त्या महालापाशी उभे करून सांगितले होते, “शेवटचा पेशवा येथे जन्मला.”

पुण्याच्या गादीवर बसणारा दुसरा बाजीराव पुण्यापासून इतक्या दूर का जन्मावा? त्याचे उत्तर एका खुनात आहे. मराठ्यांच्या इतिहासात त्याहून कुप्रसिद्ध खून दुसरा नसेल.

माधवराव पेशवे नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊर येथे वारले आणि त्यांचे धाकटे बंधू नारायणराव गादीवर आले. वय अवघे सतरा. चुलते रघुनाथराव, म्हणजेच राघोबादादा, अटकेपर्यंत मोहीम गाजवलेले पुरुष. त्यांना पुतण्याने शनिवारवाड्यातच नजरकैदेत ठेवले होते. एकाच वाड्यात चुलता आणि पुतण्या राहात होते, आणि दोघांमध्ये पहारेकरी, कारभारी व निरोपे उभे होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, गारदी थकलेल्या पगाराचा तगादा लावीत वाड्यात घुसले. अठरा वर्षांचा पेशवा धावत चुलत्यापाशी गेला. “काका, मला वाचवा” ही त्याची हाक महाराष्ट्राने अजून विसरलेली नाही. काकांनी वाचवले नाही. सुमेरसिंगाच्या गारद्यांनी त्याला तेथेच तोडले. त्याच्या अंगावर पडून त्याला झाकू पाहणारा सेवक चापाजी टिळेकरही मारला गेला.

न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली आणि दोष राघोबादादांच्या पदरात घातला. पुढे बारभाईंनी कारभार हाती घेतला. नारायणरावांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. तिच्या पोटी एप्रिल १७७४ मध्ये पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले. राघोबादादा फौज घेऊन उत्तरेकडे पळाले. गरोदर आनंदीबाईंना त्यांनी धारच्या पवारांच्या आश्रयास, याच किल्ल्यात ठेवले. १७७५ च्या जानेवारीत येथे बाजीराव जन्मला. दोनच महिन्यांनी राघोबादादांनी सुरतेस इंग्रजांशी तह केला आणि मदतीच्या मोबदल्यात साष्टी व वसई देऊ केली. घरातले भांडण असे परक्याच्या दारी गेले. त्याचा शेवटही आपल्याच मुलखाने पाहिला. ३ जून १८१८ रोजी असीरगडाजवळ बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. माळव्यात जन्मलेल्या पेशव्याने निमाडात राज्य सोडले.

या प्रकरणातील ‘ध चा मा’ सर्वांना ठाऊक आहे. राघोबादादांनी गारद्यांना दिलेल्या लेखी हुकमात ‘धरावे’ असा शब्द होता. आनंदीबाईंनी तो ‘मारावे’ असा केला, असे सांगतात. ग्रँट डफने ही हकीकत आपल्या इतिहासात नोंदविली आणि ती म्हणीसारखी रूढ झाली. तो मूळ कागद आज उपलब्ध नाही. आनंदीबाईंवरील हा आरोप सिद्ध करील असा पुरावा इतिहासापाशी नाही. तरी अडीचशे वर्षे शिव्याशाप त्यांच्याच वाट्याला आले.

आम्ही ही गोष्ट वर्गात असंख्य वेळा सांगितली असेल. परंतु त्या दुपारी खरबूजा महालाच्या सावलीत बसलो असता एक साधा प्रश्न प्रथमच मनात आला. अक्षर कोणीही बदललेले असो, मुळात ‘धरावे’ कोणी लिहिले? सख्ख्या पुतण्याला भाडोत्री शिपायांकरवी धरण्याचा हुकूम, हाच काय कमी गुन्हा होता? ‘मा’ करणाऱ्यावर सारा दोष ढकलला की ‘ध’ लिहिणारा हात सहज सुटून जातो.

हा प्रश्न आम्हांला इतिहासामुळे पडला नाही, हे येथे कबूल केले पाहिजे.

त्याच आठवड्यातील गोष्ट. सायंकाळी सातच्या सुमारास मोबाइल वाजला. नंबर अनोळखी. पलीकडून रडवेला, तुटक आवाज आला, “काका, मुझे बचा लो!” आमच्या तोंडून पुतण्याचे नाव निघून गेले. “हां काका, मैं ही,” असे उत्तर आले. मग एका दरडावणाऱ्या आवाजाने फोन घेतला. गाडीखाली माणूस सापडला आहे, प्रकरण येथेच मिटवायचे तर ताबडतोब पैसे पाठवा, नाहीतर पोराचे आयुष्य बरबाद. पुन्हा तो रडवेला आवाज, “घरी सांगू नका, बाबांना तर मुळीच नको,” अशा अर्थाचे काही हिंदीतून म्हणाला. आम्ही दोन वेळा मिळून पंच्याऐंशी हजार रुपये पाठविले. मुलीच्या शिक्षणासाठी साठविलेल्या पैशांतले होते ते. हिशेब मागावा, पावती मागावी, असे मनात सुद्धा आले नाही.

रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी वाटले, पोराला फोन करावा. तेव्हा लक्षात आले, की आपल्यापाशी त्याचा नंबर नाही. शेवटी सौ.च्या फोनमधून नंबर घेऊन दादांना लावला. सहा वर्षांनी त्यांच्याशी बोललेले आमचे पहिले वाक्य होते, “पोरगा सुटला का?”

दादा म्हणाले, “कोण पोरगा? तो परवाच पुण्याहून आलाय. इथे समोर बसून पोहे खातोय.”

नंतर बराच वेळ दोन्हीकडे कोणी बोलले नाही. मग पुतण्याने फोन घेतला आणि घाईने सांगितले, की सायबर फसवणुकीसाठी १९३० हा सरकारी क्रमांक आहे, आधी तेथे तक्रार नोंदवा; जितका उशीर, तितके पैसे हाताबाहेर जातात. आम्ही तक्रार नोंदविली. पैसे अद्याप परत मिळालेले नाहीत. फोन ठेवण्यापूर्वी दादांचा आवाज आला, “रविवारी ये.”

पुढे वर्तमानपत्रांतून वाचले, की आता संगणकास काही सेकंदांचा नमुना मिळाला तरी तो कोणाच्याही आवाजाची हुबेहूब नक्कल करतो. वाटले, आपणही अशाच यंत्राला फसलो असू. मन थोडे हलके झाले. पण तेही खोटे समाधान होते. आमचा पुतण्या आमच्याशी जन्मात कधी हिंदीत बोललेला नाही. परप्रांतात चार पिढ्या काढूनही आमच्या घरी मराठीच बोलली जाते, याचा आम्हांला केवढा अभिमान! आणि त्या सायंकाळी, मराठीचे एम.ए. झालेल्या काकाला, पोरगा परभाषेत रडतो आहे हे खटकलेसुद्धा नाही. सहा वर्षांत त्याचा आवाज आम्ही ऐकलाच नव्हता. आम्हांला फसवायला यंत्राची गरज नव्हती. कोणाही तरुणाचा हुंदका पुरेसा होता. नाव आम्हीच पुरविले. आणि ‘बाबांना सांगू नका’ ही अट आम्ही सहा वर्षे आधीपासूनच पाळीत होतो.

अबोल्याचे कारण सांगायलाही लाज वाटते. धारच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या दादांनी आम्हांला न विचारता दुकानाला भाड्याने दिल्या. आम्ही प्रत्यक्ष जाऊन विचारू शकलो असतो. ते न करता आम्ही वकिलामार्फत नोटीस धाडली. “विचारणा करा” असे आम्ही वकिलांना सांगितले होते. मसुद्यात ‘फसवणूक’ हा शब्द आला. इतकी वर्षे आम्ही सर्वांना हेच सांगत आलो, की तो शब्द वकिलांचा होता. खरे आहे. पण आम्ही तो मसुदा वाचला होता आणि वाचून खाली सही केली होती. आमच्या घरातला ‘ध’ही आमचाच आणि ‘मा’ही आमचाच.

बोरू जाऊन टाक आला, टाक जाऊन टंकयंत्र आले, आता खिशातला फोन आला. संदेश बदलण्याची साधने प्रत्येक पिढीला नवी मिळतात. पण ज्या घरात माणसे समोरासमोर बसून बोलतात, तेथे बदललेले अक्षर आणि परका आवाज फार काळ टिकत नाही. शनिवारवाड्यात चुलत्या-पुतण्यांना भेटायला एक चौक ओलांडावा लागत होता. आम्हांला शंभर किलोमीटर. दोन्ही अंतरे पार करता येण्यासारखीच होती.

किल्ल्यावरून उतरून घरी पोचलो तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. वहिनींनी काही न विचारता पाट मांडला. दाल-बाफले केले होते. दादा थकलेले दिसले. जेवण होईपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग सुपारी कातरताना म्हणाले, “दोन खोल्यांच्या भाड्याचा सहा वर्षं हिशेब मांडलास. आणि पंच्याऐंशी हजार एका हाकेसरशी देऊन टाकलेस?”

आम्हांला उत्तर सुचले नाही. पुतण्या शेजारीच बसला होता. तो हसून म्हणाला, “काका, पुढच्या वेळी मला वाचवायचं झालं, तर आधी मला मराठीत बोलायला सांगा.” वहिनींनी हसता हसता पदर डोळ्यांना लावला.

खोल्यांचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. नोटीस मात्र आम्ही मागे घेतली आहे. दर रविवारी सकाळी धारहून फोन येतो. कधी दादांचा, कधी वहिनींचा, आणि पुण्याहून पुतण्याचा. आवाज ओळखीचा व्हावा, एवढ्यासाठी तरी.

परतीच्या बसमध्ये आम्हांला खिडकीजवळची जागा मिळाली. घाट उतरताना निमाडची उबदार हवा पुन्हा अंगावर आली. फोन काढून पुतण्याचा नंबर नीट नोंदविला. नावाच्या जागी, नियमाप्रमाणे, मराठीत.