बोरिवलीला उतरणार का?

ऑफिसात नवीन कुणी जॉइन झालं की माझा एक ठरलेला इंटरव्ह्यू होतो. आडनाव ऐकून पहिला प्रश्न, ‘गोव्याची का?’ नाही, वसईची. मग दुसरा, ‘पण मराठी एवढं छान कसं?’ आता काय सांगणार! घरी सामवेदी बोली, मिस्सा मराठीत, आजी शेवटपर्यंत लाल लुगड्यात. २०२० मध्ये उस्मानाबादला साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो आमच्या वसईचेच, ही माझी हुकमी ओळ. समोरचा गार!

गंमत म्हणजे, ख्रिश्चन असणं म्हणजे रोज नेमकं काय करणं, हे मला कुणी विचारत नाही. मीही स्वतःला कधी विचारलं नव्हतं. रविवारची मिस्सा, नाताळचा गोठा, उपवासकाळात चिकन बंद. झालं की! गेल्या वर्षीच्या राखेच्या बुधवारपर्यंत माझं असंच छान चाललं होतं.

राखेचा बुधवार म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस. फादर कपाळावर राखेने क्रूस काढतात. माती आहेस, मातीलाच मिळणार, याची ती आठवण. मी सकाळची मिस्सा करून तशीच स्टेशनवर पळाले. ऑफिसात तिघांनी टिश्यू पुढे केला. तिघांनाही मी राखेचा अर्थ समजावून सांगितला. थोडं मिरवलंच म्हणा ना!

संध्याकाळी अंधेरीहून विरार फास्ट. ज्यांना ही गाडी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. या गाडीत बोरिवलीवाल्यांनी चढायचं नाही, असा एक अलिखित कायदा आहे. आमचं म्हणणं सोपं. तुम्हाला बोरिवली लोकल आहेत ना, मग आमच्या गाडीत कशाला गर्दी करता? यात अगदीच तथ्य नाही असंही नाही. २०११ च्या जनगणनेतच वसई-विरार शहराने १२ लाखांचा आकडा ओलांडला होता, आणि एवढ्या माणसांना मुंबईला नेणारी-आणणारी ही एक रेल्वे. दिवसभर राबून तासभर एका पायावर उभं राहिलं की माणसाचं काय होतं, ते उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

त्या दिवशी एक मुलगी चढली. माझ्याच वयाची, गळ्यात ऑफिसचं आयकार्ड. आमच्या ग्रुपने लगेच चौकशी केली. ‘बोरिवलीला उतरणार का?’ ती ‘हो’ म्हणाली. बिचारीला माहीतच नव्हतं. मग नेहमीचं सुरू झालं. आता उतरून दाखव! बोरिवली आलं तेव्हा दरवाज्यात भिंत उभी होती. तिचं पाळणाघर आठला बंद होत होतं. हे ती आधी आम्हाला सांगत होती, मग फोनवर कुणाला तरी. मी कुणालाही ढकललं नाही. शिवी दिली नाही. मी फक्त दरवाज्यात उभी होते आणि हलले नाही. गाडी सुटली.

भाईंदरला ती उतरली. उतरता उतरता माझ्याकडे वळून म्हणाली, ‘मॅडम, तुमच्या कपाळाला काहीतरी काळं लागलंय.’

टोमणा नव्हता हो. खरंच सांगत होती. टोमणा असता तर परवडलं असतं.

भाईंदरची खाडी ओलांडेपर्यंत मी रुमालाने कपाळ पुसत होते. घरी आल्यावर नेहमीप्रमाणे रोझरीला बसले, पण मन लागेना. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट लहानपणापासून शंभरदा ऐकलेली. त्या जखमी माणसाला बघून पुढे निघून गेलेले ते दोघं मला नेहमी अगदी व्हिलन वाटायचे. त्या रात्री वाटलं, त्यांनाही घरी जायला उशीर होत असेल. त्यांचीही एखादी गाडी असेल.

आमच्याकडे श्रद्धेच्या गोष्टी मोठ्या असतात. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर गेले. वसईची हिरवाई वाचवायच्या लढ्यात फादर दिब्रिटो पुढे उभे राहिले. २०२४ मध्ये ते गेले तेव्हा घरात कुणीतरी आपलंच गेल्यासारखं झालं. हे सगळं ऐकत वाढल्यामुळे असेल, पण मला वाटायचं की आपली परीक्षा होईल तेव्हा ती अशीच काहीतरी भव्य असेल. पेपर असा तीन फुटी दरवाज्यात येईल, हे कुणाला ठाऊक?

शनिवारी कन्फेशनला गेले. अर्धा तास प्रार्थना सांगतील अशी तयारी ठेवली होती. फादरांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, ‘सोमवारी कितीची गाडी आहे?’ बस्स.

सोमवारी बोरिवलीच्या आधी मी म्हटलं, ‘ताई, उतरू द्या ना त्यांना.’ आवाज असा निघाला की मलाच ऐकू आला नाही. पुन्हा म्हटलं. एक ताई म्हणाल्या, ‘तुला कधीपासून पुळका?’ त्या दिवशी दोघी उतरल्या, एक राहिली.

त्याची किंमत? शहीद वगैरे काही झाले नाही. माझी सीट गेली. ग्रुपमध्ये भाईंदरनंतर आळीपाळीने बसायला मिळतं, त्यात माझा नंबर आता येत नाही. वाढदिवसाचे सामोसे माझ्यापर्यंत पोहोचत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी ‘मदर टेरेसा’ झालेय, आणि ते कौतुक नाहीये. दर शुक्रवारी चिकन सोडणं याच्यापुढे काहीच नाही, शपथ! कधी कधी इतका वैताग येतो की मीही कानात इअरफोन घालून गप्प राहते. तसेही दिवस असतात, भरपूर असतात.

आईला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, ‘आजी भाजीच्या पाट्या घेऊन गाडीतून जायची, तेव्हा कुणी ना कुणी पाटीला हात द्यायचंच.’ पुढे काही बोलली नाही, भाजी निवडत बसली.

ती पाळणाघरवाली मुलगी मला पुन्हा दिसली नाही. बहुतेक तिने गाडी बदलली. अंधेरीला आयकार्ड घातलेली कुणी चढली की मी अजून बघते.

परवा एक चढली. हातात डब्याची पिशवी, घामाघूम. मी विचारलं, ‘बोरिवली?’ घाबरून म्हणाली, ‘नाही नाही, विरार.’ गोरेगाव गेलं, मालाड गेलं. कांदिवली मागे पडली तशी ती हळूहळू, कुणाला कळू नये अशी, दरवाज्याकडे सरकायला लागली. मी बॅग पुढे घेतली आणि बाजूला झाले.