आपली वही दाखवताना...

बरेच दिवस हे लिहायचं टाळत होतो. पण वर्गात पोरांना आयुष्यभर सांगत आलो, "गणित चुकलं तरी वही लपवू नका." आता स्वतःची वही दाखवायची वेळ आली आहे.

गोष्ट नोव्हेंबरातली. पेन्शनर मंडळींना सांगायला नको, हा हयातीच्या दाखल्याचा महिना. आपण अजून आहोत हे दरवर्षी सरकारला पटवून द्यायचं! सकाळीच फोन आला. "सर, पेन्शन विभागातून बोलतोय. तुमचा दाखला आलेला नाही. आज भरला नाही तर पेन्शन थांबेल." बोलणं आदबीचं, माझं पूर्ण नाव त्याला तोंडपाठ. लगेच व्हॉट्सॲपवर 'जीवन प्रमाण' नावाची फाईल आली. फोनने एकदा बजावलंही की हे अनोळखी ठिकाणाहून आलेलं आहे. मी आपला 'होय', 'होय' दाबत गेलो. दुपारी बँकेचा मेसेज पाहिला. ३८,००० रुपये गेले होते.

आता खरी चूक सांगतो. पैसे गेले ही नव्हे. मी गप्प बसलो, ही!

गावात अजून मला गुरुजी म्हणतात. अर्ज वाचून घ्यायला लोक माझ्याकडे येतात. तो गुरुजी एका फोनला फसला हे कुणाला सांगणार? रात्री जेवलो नाही. हिने विचारलं तर पित्त झालंय म्हटलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुण्याहून नातीचा फोन आला. "आबा, आवाज का असा येतोय तुमचा?" मग मात्र राहवलं नाही.

पोर रागावली नाही. म्हणाली, "आधी १९३० लावा, बाकीचं मग बोलू." या सरकारी नंबरावर खातं, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक विचारतात. ती माहिती चोराच्या खात्याच्या बँकेकडे जाते आणि तिथे पैसे शिल्लक असले तर अडवतात. पण चोर ते एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फिरवत नेतो. म्हणून सगळा खेळ पहिल्या तासा-दोन तासांचा. माझे ५,००० अडले, बाकीचे तोवर पुढे गेले होते. मग बँकेला कळवून खातं बंद केलं, सायबर क्राइमच्या सरकारी संकेतस्थळावर तक्रार भरली आणि तिची प्रत घेऊन बेंबळीच्या पोलीस ठाण्यात गेलो.

नंतर नातीने समजावलं. नावाच्या शेवटी 'एपीके' असलेली फाईल म्हणजे कागद नव्हे, ॲप असतं. आपण परवानगी दिली की ते आपले मेसेज वाचतं, म्हणजे ओटीपी न सांगताच चोराला मिळतो. खरं 'जीवन प्रमाण' २०१४ पासून आहे, पण ते कुणी व्हॉट्सॲपवर पाठवत नाही.

पूर्वी गल्लीत दागिने उजळून देणारे यायचे, आठवतं? तेही घरात बाईमाणूस एकटी पाहून घाई करायचे. रीत तीच आहे. घाई, भीती, आणि 'कुणाला सांगू नका'. ही तीन एकत्र दिसली की फोन ठेवायचा. 'डिजिटल अरेस्ट'चंही तेच. फोनवरून अटक करणारा कायदाच नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनीही हे सांगितलं होतं. तरी शिकलेली माणसं तासन् तास कॅमेऱ्यासमोर बसून राहतात, कारण घरच्यांना विचारायची त्यांना चोरी असते.

परवा पारावर मी सगळं सांगून टाकलं. वाटलं, हसतील. कुणी हसलं नाही. उठताना माझ्याच वयाचे एक निवृत्त गुरुजी बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "माझे सव्वा लाख गेले, वर्ष झालं. घरी अजून माहीत नाही."

त्यांना हाताला धरून घरी आणलं, चहा दिला आणि त्यांच्यासोबत बसून तक्रार भरली. पैसे येतील असं नाही. पण जाताना म्हणाले, "गुरुजी, आज झोप लागेल."

असो. नंबर फोनमध्ये भरून ठेवा मंडळी... १९३०. आणि लाजू नका.