भंगारातली येझदी आणि भिशीचे पैसे

मैत्रिणींनो, या पानावर लोणच्याचा मसाला, साडीवरचे डाग आणि सासू-सुनेचं जमवून घेणं यांवर तुम्ही पुष्कळ वाचलं असेल. आज मी मोटरसायकलबद्दल सांगणार आहे. तीही शोरूममधली नव्हे बरं का, कांद्याच्या चाळीमागं पत्र्याखाली गंजत पडलेली! तुम्ही म्हणाल, "बाई, हे पुरुषांचं खातं. आपला काय संबंध?" पण पैसा घरातून जातो आणि मन घरातल्या माणसाचं असतं. मग संबंध कसा नाही?

आमचं पिंपळगाव बसवंत म्हणजे द्राक्षांचं, टोमॅटोचं, कांद्याचं गाव. मुंबई-आग्रा महामार्गावरून जाताना तुम्ही पाहिलं असेल. २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाड तालुक्यात गारपीट झाली. ज्यांच्या बागा सापडल्या त्यांचं वर्ष संपलं. आमचीही सापडली. घड फुटले, पानांची चाळण झाली. सोसायटीचं कर्ज डोक्यावर होतंच. पण मला कर्जापेक्षा भीती वाटली ती ह्यांच्या गप्प बसण्याची. जेवायला बसायचे आणि भाकरीचा तुकडा हातात तसाच राहायचा. बागेकडं पाय वळेना. एप्रिलची खरड छाटणीसुद्धा मजुरांवर सोडून दिली.

अशात जूनमध्ये एक दिवस हे म्हणाले, "अगं, काकांची येझदी सापडली." सहा महिन्यांत आपण होऊन बोललेलं ते पहिलं वाक्य. ह्यांच्या धाकट्या काकांची ती १९७९ सालची गाडी. काका तिच्यावर मातीच्या शर्यती खेळायचे आणि शाळकरी असलेले हे बांधावर उभं राहून टाळ्या वाजवायचे. पुढं १९९१ मध्ये काकांनी अडचणीपायी ती विकली. काका जाऊनही आता बारा वर्षं झाली.

त्या शर्यतींना मोटोक्रॉस म्हणतात. उंचवटे, खड्डे, चिखल यांतून गाडी उडवत न्यायची. १९२४ मध्ये इंग्लंडात कॅम्बर्लीला झालेल्या शर्यतीपासून या खेळाची सुरुवात मानतात. आपल्याकडं त्या काळी यासाठी मुद्दाम बनवलेली गाडी सहजी कुठून मिळणार? मग पोरं साधी येझदी, नाही तर राजदूत घ्यायची, मडगार्ड उतरवायची, सायलेन्सर वर उचलून बांधायची, रुंद हँडल आणि खाचांचे टायर बसवायची. येझदीचं कूळही तसं खेळाडूचंच. जावा ही चेकोस्लोव्हाकियातली कंपनी. तिथलीच सीझेड ही तिची बहीण म्हणा ना! सीझेडवर बसून बेल्जियमच्या जोएल रोबेरनं १९६४ मध्ये मोटोक्रॉसचं जागतिक विजेतेपद मिळवलं होतं. आपल्याकडं म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात आधी जावा आणि मग येझदी या नावानं गाड्या निघत. तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. २०२२ पासून येझदी नावाची नवी गाडी मिळते, पण तो काकांच्या गाडीचा धूर नव्हे.

मालकानं पस्तीस हजार सांगितले. माझ्या भिशीचे चाळीस हजार नुकतेच हाती आले होते, पाटल्यांसाठी ठेवलेले. सासूबाई म्हणाल्या, "पोटाला चिमटा अन् लोखंडाला तूप?" त्यांचंही चुकत नव्हतं. दोन रात्री मी विचार केला. पाटल्या पुढच्या भिशीतही होतील. पण समोरचा माणूस असा विझत चालला, तर त्या पाटल्या घालून मी मिरवू कुणापुढं?

पैसे दिले, पण अटी घालूनच. पहिली अट, आधी कागद, मग गाडी. तुमच्याही घरी कुणी जुनी गाडी घ्यायचं म्हणत असेल तर हे नीट ऐका. नोंदणीपुस्तकातला चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहा. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. मूळ मालक हयात नसेल, तर आधी वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, तेही पुढं दर पाच वर्षांनी, आणि वर पर्यावरण कर. 'विंटेज आहे, तिला काही लागत नाही,' असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. २०२१ च्या नियमाप्रमाणं गाडीला पन्नास वर्षं उलटल्याशिवाय विंटेज म्हणत नाहीत.

दुसरी अट, खर्चाची वही मी लिहिणार. तिसरी, पेट्रोल आणि धुण्याचं सामान ओट्यावरच काय, पडवीतही यायचं नाही. काम मागच्या उघड्या शेडमध्ये, गॅस आणि देवघरातल्या दिव्यापासून लांब.

मग सुरू झालं मिस्त्रींचं काम. टू-स्ट्रोक इंजिन, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की आतली रबरी सीलं कडक होतात, इंजिन हवा ओढतं आणि नीट चालत नाही. ती सगळी बदलली. बोअर करून नवा पिस्टन टाकला. वायरिंग आणि टायर तर नवेच लागले.

टाकीचं काम मात्र मी आणि मुलानं केलं. आत गंजाचे पापुद्रे होते. मूठभर छोटे नट आणि व्हिनेगर घालून टाकी खूप हलवली, रात्रभर ठेवली, मग पाण्यानं खळबळून खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुतली. कडक उन्हात वाळवून लगेच आतून ऑइल फिरवलं, नाही तर पुन्हा गंज धरतो. क्रोमवरचा वरवरचा गंज काढायला ॲल्युमिनियमच्या चांदीसारख्या कागदाचा बोळा पाण्यात बुडवून घासा. तुमच्या नळालाही हाच उपाय चालेल. मुलामाच उडाला असेल तर मात्र घासून उपयोग नाही, नवीनच करून घ्यावा.

एका गोष्टीवर आमचं खरं वाजलं. ह्यांना गाडी काकांच्या शर्यतीच्या रूपातच हवी होती. मडगार्ड नको, सायलेन्सर वर. पण नोंदणीत आहे त्याहून वेगळं रूप कायद्याला चालत नाही, आणि रस्त्यावर तर चालवायची होती. मी म्हटलं, "अहो, ती तुम्हाला बघायला हवी आहे की चालवायला?" दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी हे स्वतःच मडगार्ड शोधायला नाशकात गेले. काकांचं रुंद हँडल आता शेडच्या भिंतीवर टांगलंय.

वहीत एकूण खर्च निघाला सत्त्याऐंशी हजार. गाडीचे पस्तीस आणि दुरुस्तीचे बावन्न. वरचे पैसे ह्यांनी दोन शेळ्या आणि जुना फवारणी पंप विकून उभे केले, सोसायटीच्या पैशाला हात लावला नाही. कर्ज अजून आहे. गाडीनं ते फिटलं, असं मी सांगणार नाही.

पण सप्टेंबरात एका संध्याकाळी ह्यांनी गिअरचा दांडा आत दाबून मागं फिरवला. या गाडीला गिअर आणि किक एकच! सहाव्या किकेला निळा धूर आणि तो 'टक-टक-टक' आवाज. सासूबाई पदर नाकाला लावून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, हा तर आपल्या अण्णाचा आवाज!" आणि तिथंच पायरीवर बसून रडल्या. धाकट्या दिरासाठी त्या अशा रडलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या.

ऑक्टोबरात गोडी छाटणीला हे त्याच गाडीवर बागेत गेले. कात्री स्वतः हातात घेतली.

तेव्हा मैत्रिणींनो, घरातलं माणूस एखादी खुळचट वाटणारी गोष्ट मागतं, तेव्हा लगेच 'हो' म्हणू नका आणि लगेच 'नाही'ही म्हणू नका. ते नक्की काय मागतंय हे आधी बघा. मग हिशेबाची वही उघडा, आणि कागद तपासल्याशिवाय एक पैसा देऊ नका!