कुंचला हातात नसताना

महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी एका ज्येष्ठ चित्रकर्तीची मुलाखत घ्यायची म्हणून आम्ही दोघे सांगलीहून एस.टी.ने कोल्हापूरला गेलो. माडीवरच्या त्यांच्या खोलीत टर्पेंटाइन आणि जवसाच्या तेलाचा वास भरून राहिला होता. कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवलेले; ईझल रिकामा.

बाईंनी उत्तरेकडची खिडकी उघडली. या बाजूला थेट ऊन येत नाही, त्यामुळे रंग फसवत नाहीत, असे म्हणाल्या. आम्ही कॅमेरा काढला आणि अगदी सहजपणे विनंती केली, ‘बाई, हातात कुंचला घेऊन ईझलसमोर उभ्या राहाल का?’

‘राहीन की. पण संधिवातामुळे आठ महिने कुंचला धरलेला नाही. फोटो तुमचा होईल, माझा नाही.’

आम्ही ओशाळलो. वर्गात आम्ही लेखकाचे चरित्र आणि त्याची कलाकृती यांची गल्लत करू नका म्हणून बजावतो. इथे मात्र चित्रकर्ती कशी दिसावी, हे आम्ही घरूनच ठरवून आलो होतो.

विषय निघाला तसा बाईंनी उमरावसिंग शेरगिल यांचे नाव काढले. लेक अमृता हिची त्यांनी काढलेली छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. अमृता १९४१ साली, वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी गेली. पुढे २००१ च्या सुमारास उमरावसिंगांचे नातू विवान सुंदरम यांनी तीच छायाचित्रे संगणकावर नव्याने जुळवली; त्यांत बाप आणि लेक एका चौकटीत आले. बाई म्हणाल्या, ‘बापाने पाहिलेली अमृता वेगळी आणि स्वतःच्या चित्रांतून तिने स्वतःला पाहिले ती वेगळी. मला दोन्ही खऱ्या वाटतात. फक्त कोण पाहतो आहे, ते विसरू नये.’

शेवटी आम्ही एकच छायाचित्र घेतले. रंग वाळून खडबडीत झालेली पॅलेट, तिच्याशेजारी चहाची कपबशी आणि कपाभोवती धरलेली सुजलेली बोटे. चेहरा चौकटीबाहेर राहिला. एखादे चित्र उलटून दाखवाल का, हे विचारण्याचा मोह आम्ही आवरला.

संपादक मंडळाच्या बैठकीत एका सहकाऱ्याने विचारले, ‘यात चित्रकर्ती कुठे आहे?’ आम्ही मुलाखतीचे हस्तलिखित पुढे सरकवले. छायाचित्राखाली ओळ काय द्यावी, यावर मात्र आमचे दोघांचे अजून एकमत झालेले नाही.